चुनखडीच्या डोंगरातली शपथ

मी इराणातून परत आले त्या दिवशी आमच्या अंगणात सगळी आळी जमली होती. आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय गो सुमन, तितं मासली मिलायची का नाय?"

"नदीची मिलायची, आत्या. खाऱ्या पान्याची नाय."

"मंग दोन वरसं जगलीस कशी?"

सगळे हसले. मी खजूर आणि पिस्ते वाटले. तेलाच्या विहिरींवर चोवीस तास पेटलेल्या वायूच्या ज्वाळा, उन्हात तापून हाताला चटका देणारी दाराची कडी, हे सगळं सांगितलं. डोंगरांबद्दल कोणी विचारलं नाही. कर्नाळा आणि प्रबळगड रोज दाराशी दिसत असताना पनवेलच्या माणसाने डोंगराचं काय विचारायचं? आणि मीही होऊन सांगितलं नाही. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आपल्याकडचं कोणी त्या बाजूला जाईल असं वाटत नाही, म्हणून ते आठ दिवस लिहून ठेवते आहे. तिथे मी काय केलं, ते घरातसुद्धा अजून पूर्ण कोणाला ठाऊक नाही.

माझे वडील उरणच्या वाटेवरच्या मिठागरात मुकादम होते. मी मुंबईला नर्सिंग शिकले आणि दक्षिण इराणातल्या एका तेल कंपनीच्या दवाखान्यात दोन वर्षांच्या करारावर गेले. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बायकांच्या वॉर्डात माहबीबी नावाची आया होती. तिशी नुकती उलटलेली, उंच, काळ्या रुमालाखालून दोन जाड वेण्या सोडलेली. ती बख्तियारी, म्हणजे मेंढपाळ टोळ्यांतली. हिवाळ्यात तिची माणसं तेलाच्या गावाजवळच्या सपाटीवर उतरत, तेवढे महिने ती आमच्याकडे काम करायची. वसंत आला की सगळी टोळी मेंढरं घेऊन डोंगर चढून जायची. खालच्या मुलखाला ते गर्मसीर म्हणतात, वरच्याला सर्दसीर. त्यांच्या बोलीतले कितीतरी शब्द आपलेच आहेत. जरा, फक्त, दर्या, खूब. त्यामुळे वर्षभरात मला त्यांचं बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

करार संपायला दोन महिने राहिले असताना माहबीबी म्हणाली, "खानुम, या वेळी माझ्याबरोबर वर चल. इमामजाद्यात, संताच्या कबरीपाशी, माझा नवस आहे. आमचे डोंगर पाहिले नाहीस तर इराणात येऊन काय पाहिलंस?"

मेट्रनने आठ दिवसांची रजा दिली. आपली महाशिवरात्रीची प्रबळगडाची चढण असावी, तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

रस्ता संपतो तिथून

कंपनीच्या लॉरीने आम्हाला रस्ता संपला तिथे सोडलं. माहबीबीचा नवरा असलान तीन खेचरं घेऊन उभा होता. डोक्यावर दाबलेल्या लोकरीची काळी गोल टोपी, अंगात काळ्या उभ्या पट्ट्यांचा पांढरा झगा, खांद्याला बंदूक. माझ्याकडे पाहून त्याने छातीवर हात ठेवला. बायकोला तो इतकंच म्हणाला, "आलीस? चल." पाच आठवड्यांनी भेटत होते दोघं.

दुपारपर्यंत खेचराने मला दोनदा खाली टाकलं. दुसऱ्या वेळी साडी काट्यात अडकून गुडघ्यापासून खाली फाटली. माहबीबी हसून खाली बसली. मग तिने गाठोड्यातून आपला मोठ्या घेराचा घागरा काढला आणि मला नेसवला. त्यानंतर मी पडले नाही.

आणि डोंगर! आपला सह्याद्री काळा, पावसाळ्यात हिरवा. हे डोंगर पांढरे, हाडासारखे. सगळा चुनखडीचा दगड. लहानपणी मी शिंपल्यांच्या भट्टीतला चुना पाहिला होता, मिठागरातल्या मिठाच्या राशी पाहिल्या होत्या. तेच पांढरं आभाळापर्यंत चढत गेलेलं पाहिलं आणि मी खेचर थांबवलं. एका घळीत चांगला मांडीइतक्या पाण्याचा ओढा वाहत होता. शंभर पावलं पुढे गेलो तर ओढा नाही. दगडाला एक भोक होतं, त्यात तो अख्खा शिरला होता.

"गेला कुठे?" मी विचारलं.

"डोंगर पितो," माहबीबी म्हणाली. "पुढे मनात येईल तिथे सोडतो."

तिसऱ्या प्रहरी वाटेच्या कडेला दगडाचे सिंह दिसले. वीस-पंचवीस असतील, वासराएवढे, पाठी पावसाने झिजलेल्या. एकाच्या कुशीवर तलवार कोरलेली, एकाच्या बंदूक. मला वाटलं एखादं जुनं देऊळ असेल. मी एका सिंहाच्या पाठीवर हात ठेवला, तशी माहबीबीने तो झटक्याने ओढून घेतला. त्या कबरी होत्या. लढून मेलेल्या पुरुषाच्या छातीवर सिंह बसवतात. असलान त्यातल्या एकापाशी खाली उतरला, दोन बोटं दगडाला लावली, काहीतरी पुटपुटला आणि परत चढला. माहबीबी तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभी होती. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, "त्याचा मोठा भाऊ."

कारून नदी

दुसऱ्या दिवशी नदीवर पोचलो. तिथे असलानची सगळी टोळी जमलेली होती. हजारभर मेंढ्याबकऱ्यांचा ओरडा, कुत्री, बायकांच्या हाका आणि या सगळ्यावर नदीचा आवाज. वरचा बर्फ वितळून कारून फुगली होती. पाणी दुधाळ हिरवं. पूल नाही, होडी नाही. मी खाडीकाठची पोर, करंजाच्या बंदरात लहानपणी होड्यांवर उड्या मारलेल्या, मी विचारलं, "होडी कधी येते?"

माहबीबीने बोट दाखवलं. काठावर काही पुरुष मेलेल्या बकऱ्यांच्या पायांत तोंड घालून फुंकत होते. निदान मला तसं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर नुसती कातडी होती. मुंडकं कापून अख्खी सोललेली, पायांची टोकं बांधलेली. हवा भरली की चार पाय वर करून बकरी टम्म फुगायची. अशा वीस फुगलेल्या बकऱ्या एकत्र बांधायच्या, वर काठ्या टाकायच्या, झाली होडी. त्यावर म्हाताऱ्या, तान्ही मुलं, कोंबड्या, तंबू. मेंढरं सरळ पाण्यात ढकलायची आणि पुरुषांनी एकेक फुगलेली बकरी पोटाशी धरून त्यांच्या मागे पोहायचं.

मी त्या काठ्यांवर बसले. खालून बकऱ्यांचे पाय माझ्या टाचांना लागत होते. नदीच्या मध्यावर आम्ही गोल फिरलो. माझ्यासमोरून एक मेंढी वाहत गेली, मग दुसरी, मग चार एकदम. त्यांच्यामागे गेलेला पुरुष बऱ्याच वेळाने पार खाली काठाला लागला. त्याच्या हातात एकच मेंढी होती. पलीकडच्या काठावर त्याची बायको गालफडं ओरबाडून रडत होती. तो दिसला तशी तिने रडणं थांबवलं, डोळे पुसले आणि मेंढी कोणती ते पाहायला लागली.

मी काठावर वाकून ओकले. एक म्हातारी माझी पाठ चोळत म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." मला वाटलं, या प्रवासात याहून मोठा धक्का आता काही बसायचा नाही.

काळे तंबू

नदीपलीकडच्या कुरणावर टोळीने तळ ठोकला. तंबू बकऱ्यांच्या केसांचे, काळे, उन्हात विरळ होतात आणि पावसात फुगून घट्ट होतात. असलानच्या तंबूत मला बसायला चांगला लाल गालिचा मिळाला. पातळ रोटी उपड्या तव्यावर भाजतात. आपल्या भाकरीला जसा तवा खोलगट लागतो तसा त्यांना फुगीर लागतो, एवढाच फरक. सोबत दही आणि रानातली हिरवी पानं घातलेलं ताक. एक काळसर भाकरीही होती, ओकच्या फळांच्या पिठाची. तिचा घास घशाखाली उतरवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेल्या दोन मुली खळखळून हसल्या.

एक माहबीबीची मुलगी परीजान, पंधरा वर्षांची, आईसारखीच उंच. दुसरी गुली, तिच्या काकाची मुलगी, बारा पूर्ण असतील नसतील. गुलीने माझी फाटकी साडी दिवसभर अंगाला गुंडाळून मिरवली. गुलीची आई कोपऱ्यात लोकर पिंजत होती. तिने मान वर केली नाही. तिचा नवरा कुठे आहे विचारलं तर सगळ्यांनी एकदम ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या सकाळी डोळे आलेली मुलं घेऊन बायका माझ्याकडे आल्या. मी बरोबर थेंबांच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. तीस-चाळीस मुलांच्या डोळ्यांत औषध घातलं. बायकांनी माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं, लोणी दिलं. मला 'हकीम खानुम', म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणायला लागल्या. मी फार खूश होते.

दुपारी माहबीबी म्हणाली, "झऱ्यावर चल, केस धुऊ."

झऱ्यावर कोणी नव्हतं. तिने वेण्या सोडल्या नाहीत. दगडावर बसली आणि म्हणाली, "खानुम, नवस नाही. मी तुला खोटं सांगून आणलं."

मग तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत जमेल तसं लिहिते.

"तो सिंह पाहिलास ना, असलानचा भाऊ? त्याला माझ्या भावाने मारलं. कुरणावरून भांडण होतं. मग यांची माणसं आमच्यातल्या कोणाला तरी मारणार, आम्ही यांच्यातल्या. ते थांबवायला आमच्यात खून-बस करतात. मारणाऱ्याच्या घरातली मुलगी मेलेल्याच्या घरात द्यायची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. लग्नात ना ढोल वाजला, ना कोणी हसलं. मला घोड्यावर बसवून आणलं आणि तंबूच्या दारात सोडून माझी माणसं परत गेली. सासूने पहिली तीन वर्षं मला नावाने हाक मारली नाही. मला ती 'रक्त' म्हणायची. रक्त, पाणी आण. रक्त, ऊठ."

खून-बस. दोन्ही शब्द आपले. अर्थ विचारायचीसुद्धा गरज नव्हती. दोन हिवाळे ही बाई माझ्याबरोबर खाटांवरच्या चादरी बदलत होती, गाणी म्हणत होती.

"आता ऐक," ती म्हणाली. "या हिवाळ्यात असलानच्या धाकट्या भावाने, रुस्तमने, पलीकडच्या टोळीतला एक तरुण मारला. मेंढ्यांच्या पाण्यावरून. रुस्तम पळून गेला आहे. परवा इमामजाद्यात दोन्हीकडचे म्हातारे बसणार आहेत. त्यांना परीजान हवी आहे."

"असलान काय म्हणतो?"

"काय म्हणेल? त्याच्या घराने घेतली होती, आता द्यायची पाळी आली." ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पण आजारी मुलगी देता येत नाही. तू हकीम खानुम आहेस. तू सांग, हिच्या छातीत रोग आहे. तुझं ते ऐकतील."

सकाळी माझ्याकडे मुलं का आणली गेली, लोणी का मिळालं, हे माझ्या लक्षात आलं. मला राग आला, आणि तो रागही धड टिकेना. मी परीजानला गाठलं. तिची छाती तपासली. लोहाराच्या भात्यासारखी ठणठणीत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मी गेले नाही तर ते माझ्या बापाला मारतील. मग आमचे त्यांच्यातल्या कोणाला. मी काय सांगू?"

मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पण माझीच चुलतबहीण तेराव्या वर्षी आपटा गावच्या एका बिजवराला दिली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, मी त्या लग्नात पुरणपोळी खाल्ली होती. हे तेव्हा मला आठवलं. तरीही चौदा वर्षांच्या मुलीला 'रक्त' म्हणून हाक मारणारा तंबू डोळ्यांपुढून हलेना. मी माहबीबीला हो म्हटलं.

इमामजादा

डोंगराच्या पोटातून एक नदीच्या नदी धबाबा बाहेर पडते, आणि तिच्या तोंडाशी चुन्याने पांढरी केलेली लहानशी घुमटी आहे. आत इमामाच्या वंशातल्या कोणा संताची कबर, भोवती लाकडी जाळी. अंगणात एक ओकचं झाड. त्याला रंगीत चिंध्या बांधलेल्या, आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात तशा. त्या दिवशी वर जाणारे सगळे कळप घुमटीला फेरी घालून पुढे हाकले जात होते. मेंढपाळ कोकरांच्या कपाळाला चौकटीवरची चुन्याची पूड लावत होते. खंडोबाच्या भंडाऱ्याची आठवण झाली. एरवी मी तासभर ते पाहत बसले असते.

बंदुका दाराबाहेर ठेवून वीस-बावीस पुरुष अंगणात बसले. बायका भिंतीपलीकडे. त्यांच्यात काळ्या कपड्यांतली एक किरकोळ म्हातारी एकटी बसली होती. मारल्या गेलेल्या तरुणाची आई, बीबी सनम. तिने आपल्या वेण्या कापून मुलाच्या कबरीवर ठेवल्या होत्या, म्हणून रुमालाखाली तिच्या मानेवर फक्त आखूड पांढरे केस दिसत होते.

असलानच्या टोळीचा प्रमुख, त्याला कदखुदा म्हणतात, त्याने मला आत बोलावलं. "हकीम खानुम, मुलीची आई म्हणते मुलीला रोग आहे. तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"इथे हात ठेवून सांग."

त्याने घुमटीच्या उघड्या दारातली जाळी दाखवली. शिसवीसारखी काळी, हातांनी गुळगुळीत झालेली. मी हिंदू, ती कबर कोणाची मला ठाऊक नाही, असं मनाशी म्हणत मी हात ठेवला. लाकूड गार होतं. मला बाहेरच्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"तिची छाती कमजोर आहे," मी म्हटलं. "लग्न झेपणार नाही."

कदखुदाने मान हलवली. दुसऱ्या टोळीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनीही मान हलवली. किती सहज झालं! मी हात काढला. भिंतीवरून माहबीबीचे डोळे मला दिसत होते.

आणि कदखुदा, बी-बियाणं बदलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "मग रुस्तमची स्वतःची मुलगी आहे. तिला आणा."

भिंतीपलीकडे गुलीच्या आईने हंबरडा फोडला. कोणीतरी गुलीला दंडाला धरून आत आणलं. तिच्या हातात कोकराची दोरी तशीच होती. कोकरूही मागून आलं. तिने इतक्या पुरुषांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

रुस्तमला मुलगी आहे हे मला ठाऊक होतं. गुली माझ्या शेजारी झोपत होती. तरी हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माहबीबीच्या मनात आलं असेल का? मी भिंतीकडे पाहिलं. ती आता तिथे नव्हती.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. आवाज नीट फुटला नसावा, कारण कदखुदाने 'काय?' म्हणून विचारलं. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, "मी खोटं बोलले. परीजानला काही झालेलं नाही. या दोघींपैकी कोणालाच काही झालेलं नाही. पण ही लेकरू आहे. हिला देऊ नका. तिलाही देऊ नका."

एकदम गलका झाला. दोन-तीन पुरुष उठले आणि बंदुका ठेवल्या होत्या त्या दाराकडे वळले. मला कळलं की मी दोन मुलींना वाचवायच्या नादात एका फटक्यात दहा माणसं मारायची सोय केली आहे.

तेव्हा असलान उठला. चार दिवसांत त्याच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नव्हती. तो दारात आडवा उभा राहिला आणि दुसऱ्या टोळीच्या लोकांना म्हणाला, "आधी माझं ऐका. माझ्या भावाच्या रक्तापोटी मला बायको मिळाली. वीस उन्हाळे होत आले. ती चांगली बाई आहे, पण तिच्याकडे पाहिलं की मला तिचा भाऊ दिसतो. तिला माझ्यात माझा भाऊ दिसतो. आम्ही एका तंबूत दोन खून घेऊन राहतो. हे तुम्हाला तुमच्या घरात न्यायचं असेल तर माझी मुलगी न्या. नसेल न्यायचं तर माझं झऱ्याकडचं कुरण घ्या. कायमचं. रुस्तम या पाण्यावर पुन्हा दिसणार नाही. दिसला तर मीच त्याला तुमच्या हवाली करीन."

झऱ्याकडचं कुरण म्हणजे त्याच्या मेंढरांचं सगळं जगणं. कदखुदासुद्धा दचकला. दुसऱ्या टोळीचे म्हातारे आपापसांत बोलायला लागले. बराच वेळ गेला. शेवटी त्यांच्यातला एक भिंतीपाशी गेला आणि बीबी सनमला विचारलं.

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "कुरण घ्या. मुलगी आणली तर तिचं तोंड मलाच रोज बघावं लागेल."

इतक्या वेळाने गुलीच्या हातून दोरी सुटली. कोकरू अंगणभर पळालं आणि ते धरायला ती त्याच्यामागे पळाली. कोणी तिला अडवलं नाही.

नंतर

इमामाच्या जाळीवर हात ठेवून खोटं बोलणारं माणूस त्यांनी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. तळावर परतले तर तंबूतंबूतून बायका मुलांना आत ओढत होत्या. दोनच दिवसांपूर्वी ज्या पोरांच्या डोळ्यांत मी थेंब घातले होते, त्यांचे डोळे त्यांच्या आया राखेच्या पाण्याने धुऊन काढत होत्या. मला ते पाहवेना. राखेने डोळे बिघडतील असं मी ओरडून सांगितलं, तशी एकीने मुलाच्या तोंडावर पदर टाकला.

संध्याकाळी माहबीबी तंबूबाहेर माझ्याजवळ येऊन बसली. ती आता दवाखान्यात परत येणार नव्हती. कुरण गेल्यावर मेंढरं निम्मी करावी लागणार, घरात हात हवे होते.

मी विचारलं, "गुलीचं तुला ठाऊक होतं?"

"होतं," ती म्हणाली.

मग तिनेच विचारलं, "खोटं तू माझ्यासाठी बोललीस. खरं कोणाला घाबरून बोललीस? इमामाला?"

"नाही. ती माझ्याकडे बघून हसली म्हणून."

माहबीबीने गुडघ्यांवर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलत होते. तंबूत असलान चहा गाळत होता. त्याने एक पेला तिच्याजवळ आणून ठेवला आणि आत गेला. एवढ्या दिवसांत मी त्याला तिच्यासाठी काही आणताना पाहिलं नव्हतं. बहुधा तिनेही नसावं, कारण ती पेल्याकडे पाहत राहिली, चहा निवून गेला तरी.

सकाळी कदखुदाने मला पोचवायला एक माणूस आणि एक खेचर दिलं. जाताना परीजानने हात हलवला. गुली माझी साडी द्यायला धावत येत होती. तिच्या आईने तिला मागे खेचलं, मग स्वतः येऊन साडी माझ्यापासून दोन हातांवर जमिनीवर ठेवली आणि मागे सरली. मी साडी उचलली. माझ्या हातचं पाणीसुद्धा आता तिथे कोणी घेतलं नसतं.

उताराला लागलो तिथे दुसऱ्या टोळीचे तंबू होते. आम्ही खाली मान घालून जात होतो, तर वाटेत बीबी सनम उभी दिसली. माझ्या माणसाने खेचर थांबवलं. मला वाटलं ती मला शाप देणार. मी उतरले.

तिने कमरेच्या फडक्यातून एक रोटी काढली. अर्धी मोडून आपल्या तोंडात घातली आणि उरलेली माझ्यापुढे धरली.

"मी त्यांना माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "तुलाही नाही. पण रस्ता लांब आहे. खा."

मी तिथेच उभी राहून खाल्ली. ती कोरडी होती आणि माझ्या घशात अडकत होती. शेवटचा घास गिळेपर्यंत म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हाताला लागलेलं पीठ आपल्या पदराने पुसलं आणि तंबूकडे वळली.